अबोली रंगाचे मणी

सुटकेस पलंगावर आ वासून पडली होती आणि मी तिच्या मुठीला वजनकाटा अडकवत होते, तेवढ्यात गौरवी म्हणाली, "आई, तुज्या हातचां कायतरी दी गो म्हाका." सहज म्हणाली, स्वेटरची घडी करता करता, मान वर न करता. पुढच्या रविवारी ती आयर्लंडला निघणार होती, तिथल्या एका इस्पितळात नर्स म्हणून. बरोबर सेजल, तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. सेजलच्या आईने लेकीला लोकरीची शाल विणून दिली होती, आणि ती शाल सेजलने गौरवीला फोनवर चारी बाजूंनी दाखवली होती. "तूंय दी कायतरी. थंय उशाक ठेवतलंय." देईन की, त्यात काय, असं म्हणत मी सुटकेस उचलली, काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला, एक जाडजूड जॅकेट बाहेर काढायला लावलं. पण माझ्या हातचं म्हणजे नेमकं काय? पोरगी जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती, तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती माझ्याकडे होती की नाही हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी मी डिचोलीतल्या आमच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये माझ्या हातचं शोधत फिरले. खाण्याचं म्हणावं तर कोकमाच्या आगळाची बाटली बॅगेत फुटली की कपडे जन्माचे लाल. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात माशाचं हुमण माझ्या हातचं नव्हेच, ते यजमानांच्या हातचं. सुदेश खाणीवर मशीन चालवायचे, तिथल्या क्वार्टर्समध्ये राहून सगळं शिकले. खाणी बंद पडल्या तसे घरी आले आणि स्वयंपाकघरात त्यांनी असं बस्तान बसवलं की मला भाकरीपुरती जागा उरली. शर्टाची बटणंसुद्धा तेच लावतात. मी वीज खात्यात नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. या तालुक्यातल्या निम्म्या घरांची बिलं माझ्या हातांखालून गेली असतील, पण बिल कोण उशाला घेऊन झोपतं? विणकाम नाही, भरतकाम नाही. रांगोळी काढली तर लोक विचारतात, कासव का काढलंत? गौरवी लहान असताना तिच्या वेण्यासुद्धा शेजारीण घालायची. 'तुला हवं ते विकत आणून देते' असं मी तिला जन्मभर म्हणत आले आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. त्या दुपारी वाटला. सरळच सांगते, मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला.

कानातली सुचली ती गौरवीच्या आरशासमोरच्या डबीमुळे. तिने कधीतरी हरमलच्या रस्त्यावरून मण्यांची कानातली आणली होती. त्यातलं एक समुद्रात गेलं, तरी दुसरं तिच्याने टाकवत नव्हतं. ते मी हातात घेऊन पाहिलं. एक हुक, एक कडी, कडीतून लोंबणाऱ्या मण्यांच्या तीन सरी, मधली जरा लांब. एवढंच ना, म्हटलं. फोनवर शोधलं तर 'घरच्या घरी मण्यांची कानातली, नवशिक्यांसाठी' असा एक व्हिडिओ निघाला, त्याखाली दुसरा, तिसरा. जगात इतके नवशिके आहेत हे पाहून मला धीर आला. मी निवडलेल्या व्हिडिओतली मुलगी हिंदीत बोलायची, तिची नखं मण्यांपेक्षा लांब होती, आणि दर वाक्यामागे 'बहुत ईझी है' म्हणायची. माझा अनुभव असा की सोपं आहे असं जो वारंवार सांगतो त्याच्यापासून सावध राहावं. पण दुसरा गुरू नव्हता.

बाजारात कृष्णनाथचं लेस-बटणांचं दुकान आहे. त्याने मला पाहून बिल जास्त आलंय की काय अशा चेहऱ्याने नमस्कार केला. निवृत्त होऊनही माझी ओळख तीच. मणी हवेत म्हटल्यावर म्हणाला, "सुविधामॅडम, नातीच्या प्रोजेक्टाक काय?" नात नाही, मुलीचं लग्नच व्हायचंय, मलाच शिकायचंय, म्हटलं. त्याने खण ओढून समोर ठेवले: निळे, हिरवे, काचेचे, दुधाळ. मी रंग ठरवून गेले नव्हते. तरी बोट जाऊन एकाच पुडीवर टेकलं. "केशरी व्हयो?" तो म्हणाला. मी म्हटलं, "केशरी न्हय, आबोलीचो." माझं मलाच नवल वाटलं, कारण घरात मी असं बोलते, दुकानात नाही. दोरा मागितला तर तो चुकचुकला. "दोरो नाका, तुटतलो. तंगूस व्हरा. माशाक सोडना नाय तो मण्यांक सोडतलो?" असं म्हणून त्याने मासे गरवण्याच्या नायलॉन दोऱ्याचं भेंडोळं माझ्या पिशवीत टाकलं.

पहिल्या दुपारी मी खिडकीशी बसले. आमच्या खिडकीला लोखंडी ग्रिल आहे, ग्रिलमध्ये तुळशीची कुंडी, आणि आतल्या बाजूला चौकटीची हातभर रुंद फळी. त्या फळीवर फोन कुंडीला टेकवून उभा केला. मुलीने सांगितलं होतं, आधी दोन बशा घ्या, दोन्हींत सारखे मणी मोजून ठेवा, म्हणजे दोन्ही कान सारखे होतील. मी मोजून ठेवले. मग एका वाडग्यात पाणी आणलं, तंगूस कापला आणि पाण्यात सोडला. तो भिजायची वाट बघत बसले. सुदेश कांदा चिरता चिरता बाहेर आले, वाडग्यात डोकावले. "तंगूस भिजत घातलंस गो? तो दर्यात ऱ्हवता. भिजान भिजान आणखी कितको भिजतलो?" मी वाडगा बाजूला सारला. व्हिडिओत पाण्याचं नाव नव्हतं. मला कोणी सांगितलं होतं दोरा आधी भिजवायचा म्हणून? कोणीच नाही. पण हात गेला खरा. मग मणी ओवायला घेतले तर एकाच्या भोकात तंगूस जाईना, दुसऱ्यातून निसटेना, गाठ मारायला गेले की उसळी मारून सुटायची आणि मणी फरशीवर टणाटण उड्या मारत पलंगाखाली. मी म्हटलं, तंगूस जाड आहे. सुदेश आतून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडां." वाडग्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि बशीवर बशी झाकून उठले.

पण दोरा का भिजवतात हे मला माहीत होतं. केळीचं सोपट वाळलं की कडक होतं, चिरून त्याच्या दोऱ्या काढायच्या आणि पाण्यात ठेवायच्या, म्हणजे त्या मऊ येतात आणि फुलाचा देठ कापत नाहीत. धारगळला, माहेरी, आमच्या दारात असं एक जर्मनचं भांडं कायम असायचं, त्यात भिजणाऱ्या दोऱ्या आणि शेजारी रोवळीभर अबोली. माझी आई, सत्यवती, अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, बांधून हमरस्त्यावर बसायची, आंब्याखाली. दोन फुलं इकडे तोंड करून, दोन तिकडे, मध्ये दोरीचा फेर आणि गाठ. पुन्हा दोन, पुन्हा गाठ. बघता बघता ती पट्टी वाढत जायची आणि आईच्या मांडीवरून खाली उतरायची. पेडण्याला जाणाऱ्या बसा तिथे थांबायच्या, बायका खिडकीतून हात काढायच्या, आई फाती वर द्यायची. अबोलीला वास नसतो. लोकांना फुलं म्हटली की वास आठवतो, मला ओल्या सोपटाचा वास आठवतो, थोडा कुजका, थोडा गोड. पाण्यात राहून राहून आईच्या बोटांना चिरा पडायच्या, पावसाळ्यात त्या भरून यायच्याच नाहीत, आणि ती त्यांना खोबरेल चोळत माझ्याकडे बघायची. मी शेजारी बसून इतिहासाचा धडा मोठ्याने वाचत असायचे. तशी तिची सक्तच आज्ञा होती. तिने बांधायचं, मी वाचायचं. दोरीकडे हात गेला की ती भांडंच पलीकडे सरकवायची. "तुजी बोटां लिवपाची," म्हणायची. तिला स्वतःला सहीपुरतंच लिहिता यायचं. आणि गंमत म्हणजे, म्हणजे मला ती तेव्हा गंमत वाटली नाही, आजही वाटत नाही, शेजारच्या पल्लवीला मात्र ती शिकवायची. पल्लवी माझ्याच वयाची, शाळा सोडलेली. आई तिची बोटं हातात धरून गाठ मारून दाखवायची, 'अशी न्हय गो, हाताक भार देव नाका' म्हणायची, आणि मी शेजारी पानिपतची लढाई वाचत असायचे. माझी बोटं आईने अशी कधी धरली नाहीत. मला त्या सगळ्या पसाऱ्यात एकच काम होतं: रोवळी भरून आली की त्यातलं पहिलं फूल राखणदाराचं, ते नेऊन ठेवायचं. मळ्याच्या कडेला जांभ्या दगडाचा एक चिरा होता, तोच राखणदार, मळा सांभाळणारा देव, राखणो. पाऊस असला की तिथवर न जाता खिडकीच्या चौकटीवर ठेवायचं. राखणो थंयसून पळयता, तिथून बघतो, आई म्हणायची. पहिलं फूल वेगळं काढल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, हा तिचा नेम. ते काम मला का दिलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. जिला फुलांपाशी ठेवायचं नाही तिला फूल देऊन पाठवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

एकदा मी फात बांधली होती. मी सातवीत असेन. आई पेडण्याच्या बाजारात गेली होती, भांड्यात दोऱ्या होत्या, रोवळीत फुलं होती, आणि इतकी वर्षं बघून बघून डोळ्यांना जे पाठ झालं होतं ते बोटांना येतं का, एवढंच मला बघायचं होतं. आलं. पहिल्या चार गाठी वाकड्या पडल्या, मग बोटं आपोआप चालायला लागली. मला अजून आठवतं, मी हसू दाबत होते, बघायला कोणी नसतानासुद्धा. आई आली तेव्हा वीतभर फात माझ्या मांडीवर होती. तिच्याबरोबर आमची शेजारीण आनंदीकाकी होती. काकीने फात उचलून उजेडात धरली आणि खूश होऊन म्हणाली, "खाण तशी माती गो सत्यवती! तुजां चेडू दोरो धरतलाच." आई हसली नाही. काकी घरी जाईपर्यंत थांबली. मग खाली बसली, फात मांडीवर घेतली आणि शेवटच्या गाठीपासून उसवायला लागली. एक एक फूल सोडवून परत रोवळीत. एकही देठ तुटू दिला नाही. मी रडत म्हटलं, वाईट झाली होती का? ती म्हणाली, "बरी जाल्या. म्हणानच सोडयली." आणि माझ्यापुढे गणिताचं पुस्तक ठेवलं. ते वाक्य मला कळायला किती वर्षं लागली ते जाऊ दे. कळलं, पण त्याने दुखणं गेलं नाही. कळण्याचा आणि दुखण्याचा तसा काही संबंध नसतो. मी शिकले, नोकरीला लागले, माझी बोटं कोरडी राहिली, आईला जे हवं होतं ते सगळं झालं. तिने मला वाचवलं हे खरंच. पण वाचवताना तिने स्वतःतलं काही माझ्या हाती लागू दिलं नाही, हेही खरंच.

आई गेली तेव्हा पल्लवी आली होती, पदरात फुलं घेऊन. ती ओट्यावर बसली, भांड्यातली दोरी काढली आणि आईसाठी हार बांधायला लागली. मी तिच्या बोटांकडे बघत उभी होते. मान जराशी डावीकडे, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, गाठ आवळताना अंगठ्याने किंचित दाबून सोडणं. ती आईची गाठ होती. आत आई नव्हती आणि बाहेर तिची गाठ चालू होती, दुसऱ्याच बाईच्या हातात. मला पल्लवीचा इतका हेवा वाटला की रडायचं राहून गेलं. लोक म्हणाले, शिकलेली आहे, धीराची आहे. पुढे रस्ता रुंद झाला, आंबा गेला, मळ्यातून भराव पडला आणि तो चिरा कुठे गेला कोण जाणे. मोपाला विमानतळ झाला. गौरवी त्याच वाटेने जाणार, आजी जिथे बसायची त्या जागेवरून, आणि गाडी तिथे ब्रेकसुद्धा मारणार नाही.

दुसऱ्या दुपारी मी पुन्हा बसले. तिसऱ्याही. हट्टच धरला म्हणा ना. रोज तेच: बशा उघडायच्या, मणी सारखे आहेत ना बघून घ्यायचे, कमी असतील तर पुडीतून भरायचे, खिडकीशी बसायचं, केलेलं धड नसेल तर तंगूस कापून सगळं सोडवायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने. सोडवताना मला आई आठवायची आणि मी एकही मणी हरवू द्यायची नाही. हळूहळू कळायला लागलं. टोकाचा मणी ओवल्यावर त्याला वळसा घालून तंगूस त्याच सरीतून परत वर न्यायचा, म्हणजे गाठ वर कडीपाशी येते. गाठीच्या टोकांना मेणबत्तीची धग दाखवली की ती जाड होतात आणि गाठ निसटत नाही. चष्म्यावर दुसरा चष्मा लावू नये. व्हिडिओतल्या मुलीशी माझी मैत्री झाली. तिची लांब नखं खरं तर चिमट्याचं काम करत होती, मी उगाच तिला नावं ठेवली. सुदेश जाता येता बघायचे. एकदा म्हणाले, "तूं मान वाकडी करून बसतंस. दुखतली." मी मान सरळ केली. ती परत वाकडी झाली असावी, कारण संध्याकाळी दुखली. गौरवीला मी काही सांगितलं नव्हतं. ती दिवसभर बाहेर, कागदपत्रं, निरोप, मैत्रिणी. आली की सुटकेसशी झटापट. तिच्या चेहऱ्यावर जाण्याचा इतका आनंद होता की कधीकधी मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शनिवारी दुपारी जोडी पूर्ण झाली. पूर्ण म्हणजे, दुसऱ्या कानातल्याची शेवटची गाठ मी धगीवर धरली, फुंकर मारली आणि दोन्ही शेजारी शेजारी उजेडात धरली. इतकी वर्षं झाली, पण तेच हसू दाबावंसं वाटलं. मग नीट पाहिलं. एकाची मधली सर आखूड होती. एका मण्याने. मी डोळे पुसून पाहिलं, आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. आखूडच. मोजून ठेवलेले मणी, बशा झाकलेल्या, घरात मांजर नाही. कृष्णनाथला दोष द्यावा तर मणी मोजून मी घेतले होते. आता उसवून पुन्हा करायला वेळ नव्हता, रात्री पाहुणे येणार होते, उद्या पहाटे निघायचं. पोरीने तुझ्या हातचं मागितलं आणि तुझ्या हाताने हे दिलं, एक लांब एक आखूड, असं मी स्वतःला म्हटलं. जन्मात एक गोष्ट करायला घेतली तीही अशी. मण्याचा शोध घ्यायचा म्हणून मी फळीवरचा फोन उचलला, कुंडी ग्रिलमध्ये मागे सरकवली. कुंडीच्या आड, चौकटीच्या कोपऱ्यात, मणी होते. एक नव्हे. ओळीने पाच-सहा, अबोली रंगाचे, एकमेकांना न चिकटता. पडलेले नव्हते ते. पडलेले मणी असे बसत नाहीत. ते कोणीतरी ठेवले होते.

"हे हांगा कोणी ठेवले?" मी ओरडलेच. सुदेश हात पुसत आले, बघितलं आणि म्हणाले, "तूंच. आणखी कोण?" मी म्हटलं, मी कशाला ठेवू? "रोज ठेवतंस. बसलंस काय पयलो मणी थंय, मगे सुरू. म्हाका वाटला तुज्या व्हिडिओत तशां आसा." माझा चेहरा बघून ते जरा गोंधळले. "अगो, भाकरेची पयली चानकी कडेक काढून ठेवतंस मां, तशां. लग्न जाल्यापासून पळयतंय. भज्यांतलां पयलां भजां या घरात कोणी खावंक ना अजून. आमचां चेडू ल्हान आसताना तेचेसाठी रडायचां." पहिली भाकरी बिघडते म्हणून मी बाजूला ठेवते, मी म्हटलं. तवा तापलेला नसतो. ते म्हणाले, "बिघडूंक ना कदीच. म्हाका वाटला, तुका खबर आसा." आणि आत गेले, कारण तेल तापलं होतं.

मी खिडकीशी बसून राहिले. खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला, फळी थरथरली, मणी जागचे हलले नाहीत. मला आठवलं, पावसातली ती खिडकी, तिची लाकडी चौकट भिजून काळी पडलेली, आणि तिच्यावर माझ्या हाताने ठेवलेलं फूल. रोज. शाळेआधी. इतिहासाच्या धड्याआधी. आई दोरी हातात घेऊन थांबलेली असायची. थांबलेली असायची हे मला कधी आठवलंच नव्हतं. मी फूल ठेवून वळेपर्यंत ती सुरू करायची नाही, पल्लवी बोटं चाळवत बसायची आणि आई तिला म्हणायची, "राव गो. सुविधा येंव दी." सगळ्या रोवळीतलं पहिलं फूल मी उचलायचे, आणि माझ्यावाचून त्या घरात एक गाठ पडत नव्हती. मला वाटलं होतं, तिने मला बाहेर काढलंय. किती वर्षं मी तो राग जपला, आणि माझा हात मात्र मला न विचारता तिचं काम करत राहिला, भाकरीवर, भज्यांवर, मण्यांवर. मला आई हवीशी झाली. साठी ओलांडलेल्या बाईला आई अशी एकदम, भर दुपारी, हवीशी होते आणि त्याला काही उपाय नसतो. मी रडले, या वेळी राग न येता.

गौरवी आली तेव्हा जोडी माझ्या मांडीवरच होती, लपवायचं राहून गेलं. ती दारातच थबकली. "आई! तूं केलंस?" तिने दोन्ही उचलली, कानांशी धरून आरशात पाहिलं, मान इकडे केली, तिकडे केली. मी सांगून टाकलं, एक आखूड झालंय, एक मणी कमी पडला, वेळ असता तर पुन्हा केलं असतं. "मगे काय जाता? माजे दोनूय कान तरी खंय सारके आसात?" ती हसली. मग नर्सच्या नजरेने तिने मधली सर बोटावर ताणून पाहिली आणि म्हणाली, "पण ह्यां जातलां आई. गाठ खयसर आसा? वयर? मगे तीच सोडवया आणि एक घालया. टाके घालतंय गो मी माणसांक, तुज्या मण्यांचां काय." मी नको म्हणेपर्यंत ती माझ्या जागेवर बसलीसुद्धा. कात्रीच्या टोकाने गाठ उचलली, तंगूस ओढून घेतला, बशीत पुडीतले थोडे मणी ओतले. तेवढ्यात सेजलचा फोन आला. गौरवीने तो खांद्यावर कान टेकवून धरला, व्हय, व्हय, चार वाजता, व्हय, बाबा सोडतले, असं बोलत राहिली, आणि मान कलती झालेली, डोळे कुठेतरी बाहेर, रविवारच्या पहाटेवर लागलेले. तिचा उजवा हात बशीत गेला. दोन बोटांनी एक मणी उचलला आणि न बघता, बोलता बोलता, खिडकीच्या फळीवर, त्या ओळीच्या शेवटी नेऊन ठेवला. मग हात परत बशीत आला आणि तिने दुसरा मणी घेतला, तो तंगुसात ओवला.

सुदेश स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना मानेनेच सांगितलं, काही बोलू नका. गौरवीने फोन ठेवला, गाठ आवळली आणि आवळताना अंगठ्याने ती किंचित दाबून सोडली.

"आई, जाली बग," ती म्हणाली. "आता सारकी."